पाण्याचा दिवस

माझे मिस्टर गेले त्या दुपारी मी त्यांच्याजवळ नव्हते. मी घरी पाणी भरत होते. हे मी कुणापासून लपवलं नाही. लपवण्यासारखं नव्हतंच. दवाखान्यात पोचले तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि सगळ्यांनी ती पाहिली. लपवलं ते दुसरंच. ते सांगायला मला दोन वर्षं लागली, आणि सांगितलं तेही एकाच माणसाला.

आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. पैठणच्या धरणातून ते एवढ्या लांबून पाइपातून येतं आणि आमच्या गल्लीत पोचेपर्यंत आठवडा उलटून जातो. कधी सहाव्या दिवशी, कधी आठव्या, उन्हाळ्यात तर विचारूच नका. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या लाईनमनच्या मोटारसायकलचा आवाज आम्ही बायका पूर्वी घरात बसून ओळखायचो. आता गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. ‘आज दुपारी पाणी’ एवढे तीन शब्द आले की बायका भरल्या पंगतीतून उठतात. मी स्वतः सख्ख्या पुतणीच्या लग्नात अक्षता टाकून, जेवायला न थांबता घरी आलेली आहे. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण माझ्याबरोबर रिक्षात बसलेल्या दोघीजणी त्याच कामासाठी निघाल्या होत्या.

सिडकोतलं आमचं घर लहान. पुढं जमिनीत हौद, गच्चीवर काळी टाकी, बाथरूममध्ये तीन ड्रम, स्वयंपाकघरात पिंप आणि कळश्या. पाण्याच्या दिवशी मी पातेली, डबे, मुलीच्या लहानपणीचा टब, सगळं भरून ठेवायची. रिकामं भांडं मला बघवत नसे. मग पुढचे सात-आठ दिवस ते पाणी मी वाटायची. अंघोळीला माणशी एक बादली, तीही काठोकाठ नाही. अंघोळ परातीत उभं राहून करायची, म्हणजे खाली पडलेलं पाणी फरशी पुसायला येतं. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. दाढीला एक वाटी. पाहुणे आले की आधी अर्धा पेला, प्यायले तर पुन्हा अर्धा. मुक्कामाला कुणी यायचं म्हटलं की मी आधी कॅलेंडर बघायची आणि मग प्रेमानं बोलायची.

मुलीचे केस दाट होते, माझ्या आईसारखे. ते धुवायला दोन बादल्या लागत. तिसरीत असताना मी तिला गल्लीच्या टोकाच्या सलूनमध्ये नेऊन मुलासारखे केस कापून आणले. खुर्चीवर बसून ती हुंदके देत होती आणि मी तिला म्हणत होते, वाढतात गं, काय त्यात. दहावीपर्यंत मी ते वाढू दिले नाहीत. आज तिचे केस कमरेपर्यंत आहेत. पुण्याला गेल्यावर वाढवले.

मिस्टर वाळूजच्या एका कंपनीत फिटर होते. दिवसभर ऑइलमध्ये हात. घरी आले की त्यांना डोक्यावरून पाणी घ्यायला फार आवडायचं. मी दाराबाहेर उभी राहून तांबे मोजायची. अकरावा तांबा ऐकू आला की दार वाजवायची.

‘अगं, आहे की अजून बादलीत!’

‘आहे म्हणून उडवायचं का?’

मग आत तांब्याचा आवाज थांबे. जरा वेळानं ते बाहेर येत. पाठीवर साबणाचा फेस तसाच राहिलेला असे, तो मी टॉवेलनं पुसायची. माझ्याशी ते फारसं कधी भांडले नाहीत. कंपनीतले लोक सांगत की तिकडं ते मोठ्यानं बोलत, चेष्टा करत. तो माणूस मी फार कमी पाहिला.

सुटी असली की म्हणायचे, चल, वेरूळला जाऊ. म्हैसमाळला जाऊ. धरण बघून येऊ पैठणला. पाण्याचा दिवस त्याच दिवशी असला तर प्रश्नच नव्हता. तो आदल्या दिवशी असला तर मी दमलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी असला तर भांडी घासून ठेवायची असत. तीस वर्षं त्या घरात राहून मी वेरूळची लेणी एकदा पाहिली, तीही शाळेत असताना.

खरं सांगायचं तर पाणी पुरत होतं. शेजारच्या घरात सहा माणसं होती, त्यांनाही पुरत होतं, आणि त्यांच्याकडं कुणी दार वाजवत नव्हतं. टाकीत तळाला चार बोटं पाणी उरलेलं असतानाच पुढचं पाणी यायचं, दर वेळी. पण मला ते ठरवायला आवडायचं. माहेरी मला कधी कुणी काही विचारलं नव्हतं, शाळा सोडतानाही नाही आणि लग्न ठरवतानाही नाही. इथं नळाच्या चावीवर माझा हात होता. कोण कधी उठणार, कोण कुठं जाणार, कोण किती वेळ बाथरूममध्ये राहणार, सगळं माझ्या हातात. लोक मला टापटिपीची म्हणायचे. मलाही वाटायचं की हे मी घरासाठी करते.

मुलगी बारावीनंतर पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. हॉस्टेलवरून पहिला फोन आला तेव्हा म्हणाली, ‘आई, इथं शॉवर आहे.’ मी म्हणाले, ‘जास्त उडवू नको.’ दोनशेपेक्षा जास्त किलोमीटरवरचं पाणी मी इथून वाचवत होते.

दोन वर्षांपूर्वी, उन्हाळा लागायच्या सुमाराला, मिस्टरांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर चांगले होते, उपचारही वेळेवर झाले. मुलगी येऊन चार दिवस राहिली आणि बाबा बरे दिसायला लागल्यावर नोकरीवर परत गेली. मी तिथंच होते, खुर्चीवर झोपत होते. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले, उद्या घरी जाऊ शकाल. मिस्टर हसले. मीही हसले. आणि तासाभरानं ग्रुपवर मेसेज आला, आज दुपारी पाणी.

माझं डोकं लगेच चालायला लागलं. आठवडाभर घर बंद, मागचं पाणी चुकलेलं, टाकीत काही नाही. उद्या आजारी माणूस घरी येणार. चादरी धुवायच्या, भेटायला लोक येणार, त्यांचा चहा. आज पाणी चुकलं तर पुढचा आठवडा कोरडा.

‘मी दोन तासांत येते,’ मी म्हणाले.

‘आज नको जाऊ,’ ते म्हणाले.

‘का? दुखतंय का काही?’

‘नाही. असंच. बस जरा.’

मी पिशवी उचलली. तेव्हा त्यांनी माझ्या पदराचं टोक धरलं. घट्ट नव्हे, दोन बोटांत. ‘जाऊ दे ना पाणी एखाद वेळ. टँकर बोलावू उद्या.’

मी म्हणाले, ‘तुम्हाला काय, तुम्ही पडून आहात. करावं मला लागतं.’ आणि पदर ओढून घेतला.

हे मी त्यांच्याशी बोललेलं शेवटचं वाक्य.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाजवळ त्याची बायको बसलेली असायची, पैठणकडच्या एका खेड्यातली. सात दिवसांत आमची चांगली ओळख झाली होती. मी तिला म्हणाले, ‘जरा लक्ष ठेवा.’ ती म्हणाली, ‘जावा ताई तुमी बिनघोर. मी हाय ना इथं.’ पण म्हणताना तिनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

घरी आले, पदर खोचला, मोटार लावली. पाण्याला त्या दिवशी जोर चांगला होता. हौद भरला, टाकी भरत आली, ड्रम भरून झाले. मला अगदी समाधान वाटत होतं. पाइप पिंपात सोडलेला होता तेव्हा धाकट्या दिरांचा फोन आला. ते भेटायला म्हणून दवाखान्यात गेले होते.

‘वहिनी, तुम्ही निघा.’

‘निघतेच. थोडंच राहिलंय, दहा मिनिटं.’

‘वहिनी,’ ते म्हणाले, ‘राहू द्या ते. निघा.’

मी काय समजायचं ते समजले. तरी मी मोटार बंद केली, नळ बंद केला, पिंपावर झाकण ठेवलं आणि पाइप गुंडाळून खिळ्याला अडकवला. मग निघाले. लोकांना ओली साडी दिसली. तो पाइप गुंडाळलेला कुणी पाहिला नाही.

झटका एकाएकी आला होता, सगळे डॉक्टर धावून आले होते, पण काही करता आलं नाही. वॉर्डच्या दारातच दीर उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, दोष देण्यासाठी नव्हे, ‘तुम्ही जवळ नव्हता?’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्यांनीच पाठवलं मला. म्हणाले, जा, पाणी भरून ये.’

ती खेड्यातली बाई तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मग तिनं मान खाली घातली आणि दिरांना म्हणाली, ‘व्हय. त्येच म्हनले, जा म्हून.’

तिला मी पुन्हा कधी भेटले नाही. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, आणि माझं एवढं वाईटही.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. मुलगी पुण्याहून पोचल्यावर गल्लीतल्या माणसांनी अंगणात त्यांना अंघोळ घातली. पाणी मी दुपारी भरलेलंच. मी उंबऱ्यात बसले होते, दोन्हीकडून मला बायकांनी धरलेलं होतं. कुणीतरी तांब्यानं त्यांच्या अंगावर पाणी घालत होतं आणि मी ऐकत होते. सतराव्या तांब्याला मला कळलं की मी मोजतेय.

स्मशानातून परत आल्यावर बाहेरगावच्या पाहुण्यांनी आमच्याकडंच अंघोळी केल्या. बाथरूममध्ये, अंगणात, गच्चीवर, नळ सोडून, बादल्या भरभरून. मला कुणी विचारलं नाही, कुणी कशाला विचारील. आमच्या घरात एवढं पाणी एका दिवसात कधी वापरलं गेलं नव्हतं. मध्यरात्री टाकी संपली. मला आठवतं, त्या सगळ्या दुःखातही माझं एक मन म्हणत होतं, तो अंगणातला नळ बंद करा कुणीतरी. माझ्यासारख्या बाईची मला तेव्हा किळस आली आणि अजूनही मधूनमधून येते.

तेरा दिवस लोक येत राहिले आणि तेरा दिवस मी तेच सांगत राहिले. सांगता सांगता ते वाढत गेलं. आधी फक्त ‘जा म्हणाले’ होतं. चौथ्या दिवशी ते ‘हसून जा म्हणाले’ झालं. दहाव्या दिवसापर्यंत मिस्टर मला म्हणत होते, ‘तू आहेस म्हणून घर आहे, जा, पाणी भरून ये.’ बायका डोळ्याला पदर लावत. म्हणत, शेवटपर्यंत घराचीच काळजी हो! आणि मलाही रडू येई, पण ते रडणं कसं होतं ते मला माहीत आहे. शेजारीण गोष्ट सांगते तेव्हा आपण रडतो, तसं.

मुलगी समोरच असे. कुणी आलं आणि मी सांगायला सुरुवात केली की ती उठून स्वयंपाकघरात जाई. मला वाटे, तिला बापाची आठवण सोसत नाही.

पुढं लोक यायचे थांबले. शेजारची वहिनी एकदा म्हणाली, ‘आता काय, तुम्ही मोकळ्या झालात. कुठंही जा, कधीही या. कुणाचं करायचं राहिलं नाही.’ तिनं चांगल्या मनानंच म्हटलं होतं, पण मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मोकळी! एकटीला पाणी लागतं किती? हौद एकदा भरला की महिना निघतो. आता कुणाला बादली मोजून द्यायची नव्हती की कुणावर ओरडायचं नव्हतं. सकाळी उठून मी घरभर फिरायची आणि सगळी भांडी भरलेली बघायची. पाणी शिळं होऊन त्याला वास यायला लागला की ओतून द्यायची आणि पुन्हा नवं भरायची. कशासाठी, कुणाला ठाऊक.

एकदा ठरवलं की आज पोटभर अंघोळ करायची. दोन बादल्या घेतल्या, काठोकाठ. परात बाजूला ठेवली. अकराव्या तांब्याला माझा हात आपोआप थांबला. मी तशीच उभी राहिले, डोळ्यांत साबण. दार वाजवायला बाहेर कुणी नव्हतं. ते तीस वर्षं असेच उभे राहत असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग म्हटलं, वेरूळला जाऊन यावं, ते सारखे म्हणायचे. एका सकाळी डबा बांधला, मध्यवर्ती स्टँडवरून एस.टी. धरली. खिडकीची जागा मिळाली. मिटमिट्याच्या पुढं गेल्यावर जरा बरं वाटायला लागलं. दौलताबादच्या किल्ल्याचं टोक दिसलं आणि पर्समधला फोन वाजला. ग्रुपवर मेसेज, पाणी एक दिवस आधीच आलंय. घरी हौद भरलेला होता, टाकी भरलेली होती, मी एकटी होते. तरी मी उठले. कंडक्टरला म्हणाले, उतरायचंय. तो म्हणाला, ‘मावशी, तिकीट तर वेरूळचं हाय.’ मी उतरलेच. तिथून काळी-पिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून घरी आले आणि भरलेल्या टाकीत पाणी सोडलं. ते गच्चीवरून खाली वाहायला लागलं तेव्हा शेजारच्या वहिनीनं हाक मारली, ‘अहो, टाकी वाहतेय!’ मी ऐकू न आल्यासारखं केलं.

डबा संध्याकाळी घरातच खाल्ला.

या सगळ्यात मुलगी लांब जात होती. पहिल्या वर्षी दर महिन्याला यायची. मग दोन महिन्यांनी. मग दिवाळीला आली ती दोन दिवसांत परत. फोनवर जेवलीस का, औषध घेतलंस का, एवढंच. मी बाबांचं काही बोलायला लागले की म्हणे, ‘आई, ऑफिसचा फोन येतोय.’ ऑफिसचे फोन बरोबर तेव्हाच येत. जगात मला उरलेलं ते एकच माणूस, आणि ते हळूहळू सुटत चाललं होतं. का, हे विचारायची माझी छाती होत नव्हती, कारण उत्तर काय येईल याची मला शंका होती. कधी वाटे, हिला कळलंय. कधी वाटे, कसं कळेल, ती तर पुण्यात होती. आणि मी स्वतःला बजावत राहिले की जे सांगितलं तेच खरं धरून चालायचं. इतक्या लोकांना सांगून झालं होतं. आता मागं कसं फिरणार?

या वर्षी संक्रांतीनंतर ती आली. रात्री जेवताना म्हणाली, ‘उद्या पैठणला जाऊ. धरण बघू.’

मी म्हणाले, ‘उद्या पाण्याचा दिवस आहे.’

ती भात कालवत राहिली. पण तिचा चेहरा मी पाहिला. मी नाही म्हटल्यावर तिच्या बापाचा चेहरा असाच व्हायचा. रागावलेला नाही, फक्त बंद झालेला. आणि मला अगदी स्वच्छ दिसलं की ही आता उद्या सकाळच्या गाडीनं जाईल, आणि नंतर येईल ती तिला कुणी फोन करून बोलावलं तरच, म्हणजे मी पडल्यावर.

‘जाऊ,’ मी म्हणाले.

तिनं मान वर केली. ‘आणि पाणी?’

‘येईल आणि जाईल.’

सकाळी लावलेलं कुलूप मी दोनदा उघडलं आणि नळाकडं बघून आले, हे कुणाला सांगितलं तर हसतील. शेजारची वहिनी म्हणाली, किल्ली द्या, मी भरून ठेवते. मी नको म्हणाले. बिडकीन येईपर्यंत तीन वेळा मनात आलं की काहीतरी निमित्त काढून उतरावं. मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. तिनं मला धरून ठेवलं नव्हतं. मला वाटलं तर मी उतरू शकत होते, आणि म्हणूनच ते इतकं अवघड होतं.

पैठणला उतरून आम्ही रिक्षानं पाण्याच्या काठाला गेलो. माझी अशी कल्पना होती की धरण म्हणजे मोठा हौद असेल. समोरचा काठच दिसत नव्हता. सगळीकडं पाणी, ऊन पडलेलं, लांबवर पांढरे पक्षी बसलेले. लोकांना असं काही बघून शांत वाटतं म्हणतात. मला राग आला. एवढं पाणी इथं पडून होतं, आणि मी एका माणसाच्या डोक्यावरचे तांबे मोजत होते! राग कुणावर काढायचा तेही कळेना. मी एका दगडावर बसले. मुलगी शेजारी बसली.

‘बाबांनी मला पाठवलं नव्हतं,’ मी म्हणाले.

ती पायाजवळचे खडे गोळा करत राहिली.

‘नको जाऊ म्हणाले होते. दोनदा म्हणाले. पदर धरला होता माझा. मी ओढून घेतला. म्हणाले, तुम्हाला काय, तुम्ही पडून आहात. असं बोलले मी त्यांना. आणि नंतर सगळ्यांना खोटं सांगितलं, तुलाही.’ मग मी तिला पाइप गुंडाळलेलाही सांगितला. आता काही राखून ठेवायचं राहिलं नव्हतं.

ती पाण्याकडं बघत होती. म्हणाली, ‘मला माहीत आहे.’

‘त्या बाईनं सांगितलं?’

‘कोणती बाई? बाबांनीच सांगितलं. तू गेल्यावर त्यांनी मला फोन केला होता.’

त्यांचा फोन त्या दिवशी तिनंच स्वतःच्या पर्समध्ये ठेवून घेतला होता. तो कुठं आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

‘मला म्हणाले, एकट्याला पडून राहवत नाही, तू बोल काहीतरी. मग मी बोलत बसले. ऑफिसचं, घरमालकाचं, कायकाय. अर्धा-पाऊण तास बोललो असू. मग म्हणाले, आता थकलो, ठेवतो.’

‘दोन वर्षं बोलली नाहीस तू.’

‘काय बोलणार? तू सगळ्यांना सांगत होतीस, त्यांनी हसून पाठवलं. माझ्यासमोर सांगत होतीस. म्हटलं, हिला तसंच हवंय तर राहू दे. पण मला तिथं बसवत नव्हतं, आई. घरात यावंसंच वाटत नव्हतं. तू सांगायचीस ते बाबा नव्हतेच.’

मला पुढचं विचारायचं नव्हतं. पण न विचारता मी तिथून उठू शकले नसते.

‘माझ्यावर रागावले होते का?’

तिला खोटं सांगता आलं असतं, ते मला गोडही लागलं असतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं. ती माझीच मुलगी आहे.

‘हो,’ ती म्हणाली. ‘रागावले होते. खूप. म्हणाले, जन्मात एकदा मी तिला थांब म्हणालो, आणि तेवढं तिला जमलं नाही.’

मी ते ऐकलं. आणि मग काय झालं ते नीट सांगता येणं कठीण आहे. दोन वर्षं माझ्याजवळ जो माणूस होता, हसून जा म्हणणारा, माझं कौतुक करणारा, तो मीच तयार केलेला होता. मी सांगेन तेच तो बोलायचा. त्याच्यासाठी मला कधी धड रडता आलं नव्हतं. हा भिंतीकडं तोंड करून पडलेला, माझ्यावर चिडलेला, मला न विचारता मुलीला फोन करणारा माणूस, हा माझा नवरा होता. तो परत आला होता, आणि लगेच मला कळलं की तो गेला आहे. आता त्याची समजूत काढता येणार नाही, त्याला काही पटवता येणार नाही. तो रागावूनच गेला, आणि तो तसाच राहणार.

मी मोठ्यानं रडले. काठावर फिरायला आलेले लोक वळून बघत होते. मुलगी माझ्याशेजारी बसून राहिली.